टायटर ६ आलं म्हणजे लस उतरली का? बी सेलचं नक्की काय चालतं आत?

सुईवाली_ताई
नमस्कार मंडळी. मी नाशिकला आयसीयूत स्टाफ नर्स आहे. मागच्या पंधरवड्यात नाइटला सुई टोचली, पेशंट ऑस्ट्रेलिया अँटिजेन (हेपॅटायटिस बी आहे का ती टेस्ट) निगेटिव्ह होता, एचआयव्ही पण निगेटिव्ह, त्यामुळे तसं टेन्शन नाही, पण त्या निमित्ताने माझं अँटी-एचबीएस टायटर (हेपॅटायटिस बीविरुद्धची अँटिबॉडी रक्तात किती ते) केलं तर ६ आलं. रिपोर्टवर खाली छापलंय १० च्या वर पाहिजे. हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच घेतलेत, त्याला झाली १४ वर्षं. तेव्हा टायटर बिटर कोणी केलं नाही, कार्डावर शिक्का मारला आणि विषय संपला.

आता आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणतात लस उतरली, परत तिन्ही डोस घे. एक ज्युनियर डॉक्टर म्हणाले काही गरज नाही, मेमरी बी सेल आहेत तुमच्याकडे. मी म्हटलं मेमरी आहे तर अँटिबॉडी का नाहीत, तर म्हणे अँटिबॉडी मेमरी सेल बनवतच नाहीत, प्लाझ्मा सेल बनवतात, आणि राउंड होता म्हणून गेले निघून. आम्हाला जीएनएमला एवढंच होतं की बी सेल अँटिबॉडी करतात आणि टी सेल मारतात. मग हे मेमरी वेगळं, प्लाझ्मा वेगळं, आणि अजून किती प्रकार आहेत? आणि ६ म्हणजे मी सेफ की नाही? जरा मराठीत सांगा, गूगल करून डोकं गरगरलं.

गल्लीतला_पॅथॉलॉजिस्ट
ताई, आधी कामाचं सांगतो, पुराण नंतर. तीन डोस झाले आणि त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत टायटर १० च्या वर आल्याचा कागद असता तर आज ६ येवो नाहीतर २ येवो, तब्येतीने धडधाकट माणसाला परत डोस लागत नाही. तुमच्याकडे तो कागद नाही. मग रीत अशी की एकच डोस घ्यायचा आणि १ ते २ महिन्यांनी परत टायटर करायचं. तीन डोस आत्ताच घेऊन बसू नका. बाकी तुमच्या हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांना विचाराच.

आता गणित. रक्तातली आयजीजी (अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) साधारण २१ दिवसांत निम्मी होते. १४ वर्षांत ही निम्मं होण्याची वेळ २४० पेक्षा जास्त वेळा येऊन गेली, म्हणजे त्या काळातल्या अँटिबॉडीचा एक कणही आज शिल्लक नाही. मग हे ६ कुठून आलं? तर आजही कोणीतरी बसून बनवतंय म्हणून आलं. ते कोणीतरी म्हणजे तुमच्या बोन मॅरोत बसलेल्या प्लाझ्मा सेल. थोड्या उरल्यात, पण आहेत.

दंडात लस टोचली की ती वाहत जाते काखेतल्या लिम्फ नोडकडे. कोविडच्या लशीनंतर कित्येकांच्या काखेत गाठ आली होती आठवतंय का, आपल्या आज्या म्हणायच्या अवधाण आलं, तेच. ती गाठ म्हणजे आत बी सेलचा कारखाना सुरू झालाय. ज्या थोड्या बी सेलचा रिसेप्टर, म्हणजे पकडायचा हात, लशीतल्या अँटिजेनला (व्हायरसच्या तुकड्याला) जमेल तेवढा बसतो त्या जाग्या होतात, भराभर वाढतात, आणि इथे वाटा फुटतात. काही जणी थांबतच नाहीत, लगेच प्लाझ्मा सेल होऊन अँटिबॉडी ओतायला लागतात. माल कामचलाऊ, पण पहिल्या आठवड्यात हाच हाताशी असतो, आणि या बहुतेक काही दिवसांत मरून जातात. बाकीच्या शिरतात नोडमधल्याच जर्मिनल सेंटरमध्ये (जर्मनीशी काही संबंध नाही, मी फर्स्ट इयरला तसंच समजत होतो). तिथे बी सेल स्वतःच्या अँटिबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम चुका करते, एड नावाचं एन्झाइम आहे त्यासाठी, जपानमधल्या होन्जोंच्या लॅबने १९९९ मध्ये शोधलेलं. शरीरात इतरत्र म्युटेशन होतात त्याच्या लाखो पट वेगाने. चूक केली की ट्रायल. शिंप्याकडे ब्लाउज घालून बघतात तसं, बसला तर ठेवा, नाही बसला तर उसवा, फक्त इथे उसवणं म्हणजे ती सेल मेली. चांगलं बसतंय का यावर हेल्पर टी सेलचा शिक्का लागतो, तो मिळाला तर परत आत जाऊन पुन्हा चुका. असं आठवडे न् आठवडे चालतं. म्हणूनच तुम्हाला शेवटचा डोस ६ महिन्यांनी दिला होता, मधल्या काळात फिटिंग सुधारलेलं असतं आणि त्या सुधारलेल्या सेलना परत जागं करायचं असतं.

त्यातून बाहेर पडायचे दोन दरवाजे. एकातून निघते मेमरी सेल. ही अँटिबॉडी सोडत नाही, रक्तात, प्लीहेत, लिम्फ नोडमध्ये गप फिरत राहते. टायटर टेस्टला ती दिसतच नाही, कारण टेस्ट फक्त रक्तात सुटी अँटिबॉडी किती ते मोजते. दुसऱ्या दरवाजातून निघते ती दीर्घायुषी प्लाझ्मा सेल. ती बोन मॅरोत जाऊन बसते, परत कधी विभागत नाही, नवीन काही शिकत नाही, फक्त एकच एक अँटिबॉडी सेकंदाला हजारोंनी सोडत राहते. पण मॅरोत जागा मोजकी, आजूबाजूच्या सेलनी जगवणारे सिग्नल दिले तरच टिकते. लोकलच्या चौथ्या सीटसारखं आहे, मिळाली तर पार कर्जतपर्यंत बसा, नाही मिळाली तर कल्याणला ढकलून उतरवतात.

कोणाला सीट मिळते हे लशीवर, आजारावर बरंच ठरतं. ओरेगॉनच्या संशोधकांनी २००७ मध्ये छापलं होतं, ४५ माणसांचे नमुने, काहींचे तर २६ वर्षांपर्यंतचे. धनुर्वाताची अँटिबॉडी निम्मी व्हायला सुमारे ११ वर्षं, घटसर्पाची १९, आणि गोवराची कमीच होईना, हिशेब केला तर २०० वर्षांच्या वर जातो. हेपॅटायटिस बीच्या लशीत प्लाझ्मा सेलचा वाटा लवकर ओसरतो पण मेमरी टिकते. अलास्कात १९८१ साली दीडेक हजार लोकांना ही लस दिली होती, ३० वर्षांनी त्यातल्या काहींना तपासलं तर निम्म्या लोकांचं टायटर अजून १० च्या वर, आणि ज्यांचं खाली होतं त्यांना एक बूस्टर दिला तर ८८ टक्क्यांचं महिन्याभरात वर आलं. मेमरीबद्दल तुमच्या ज्युनियर डॉक्टरांचं बरोबर होतं, फक्त त्यांनी राउंडआधी दोन मिनिटं द्यायला हवी होती.

शंकासूर
सर सगळं छान पण एक घोळ आहे. मेमरीवर भागतंय तर मग जरा खरचटलं की धनुर्वाताचं इंजेक्शन का ठोकतात? तिथे मेमरी सुट्टीवर असते का? का कंपन्यांचा धंदा?

पुणेरी_पिपेट
शंकासूर, प्रश्न बरोबर आहे, सूर नेहमीचा आहे. (मी पीएचडी करतोय इम्युनॉलॉजीत, गाइडने बघितलं तर म्हणेल थिसिस लिही आधी.)

उत्तर आहे वेग. मेमरी सेल जागी होऊन प्लाझ्मा सेल बनून अँटिबॉडी वर यायला ४ ते ७ दिवस तरी जातात. आता समोरचा शत्रू किती घाईत आहे ते बघा. हेपॅटायटिस बी अत्यंत निवांत, शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला दीड ते सहा महिने. तोपर्यंत मेमरी उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन कामाला लागलेली असते. धनुर्वाताचं तसं नाही. तिथे त्रास टॉक्सिनचा, म्हणजे जंतूच्या विषाचा, ते नसांत शिरलं की अँटिबॉडीला हात लावता येत नाही, आणि मारायला इतकं थोडं पुरतं की तेवढ्याने बी सेलला धड पत्ताही लागत नाही, म्हणून तर धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस द्यावी लागते. तिथे अँटिबॉडी आधीपासून रक्तात तरंगत पाहिजे, म्हणजे काम प्लाझ्मा सेलचं, मेमरीचा भरवसा धरून चालत नाही.

याची किंमत ब्रिटनने मोजून बघितली. १९९९ मध्ये त्यांनी मेनिंगोकोकस सी या मेंदूज्वराच्या जंतूची लस बाळांना सुरू केली, मेमरी मस्त तयार होत होती, सगळे खूश. मग लक्षात आलं की तान्हेपणी डोस घेतलेल्यांचं संरक्षण वर्षभरातच घसरतंय. मेमरी असूनसुद्धा! कारण तो जंतू नाकातून रक्तात गेला की काही तासांत, एखाद-दोन दिवसांत खेळ संपवतो. शेवटी एक वर्षाच्या वयात आणि पुढे किशोरवयात बूस्टर जोडावे लागले.

आणि हो, दर खरचटण्याला इंजेक्शन हे आपल्याकडचं फॅडच आहे. बालपणीचे डोस पूर्ण असतील आणि शेवटचा डोस मळक्या जखमेसाठी ५ वर्षांच्या, स्वच्छ लहान जखमेसाठी १० वर्षांच्या आतला असेल तर लागत नाही. धंदा कमी, सवय जास्त.

रेबीजमध्ये तर दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. पहिल्यांदा कुत्रा चावला आणि आधी कधी लस घेतलेली नाही, तर तुमच्या बी सेलना शून्यापासून सुरू करायला आठवडा-दीड आठवडा लागणार, म्हणून रक्त आलेल्या जखमेत तयार अँटिबॉडी भरतात, इम्युनोग्लोब्युलिन. ज्याने पूर्ण कोर्स आधी घेतलाय त्याला परत चावला तर फक्त दोन डोस, ० आणि ३ दिवशी, इम्युनोग्लोब्युलिन नाही. तो सरळसरळ मेमरी सेलवर टाकलेला विश्वास आहे. डोस मात्र चुकवायचा नाही, नुसत्या मेमरीवर बसून राहायचं नाही, तो रेबीज आहे.

शेडवाला_दादा
मला बी सेल मधलं काय कळत नाही पण आमच्या पोल्ट्रीत गंबोरो रोग येतो तेव्हा हेच बघतो. ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांत येतो, काही मरतात, उरलेली वाढतात, पण मग लासोटा (मानमोडीची लस) पाजा नाहीतर काय करा, मानमोडी आलीच की पटापट पडतात. आमचे डॉक्टर म्हणाले गंबोरोनं पिल्लाची लस घ्यायची पिशवीच जाते. ती पिशवी म्हंजे हेच का?

पुणेरी_पिपेट
दादा, तुम्ही एका वाक्यात अख्खं शास्त्र आणलंत. बी सेलमधला बी हा त्या पिशवीचाच. कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठेच्या वाटेला लागून एक थैली असते, बर्सा, इटलीतल्या पडुआच्या फॅब्रिशियसने वर्णन केलेली. शेकडो वर्षं कोणाला तिचा उपयोग माहीत नव्हता. १९५० च्या दशकात ओहायोत ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी पिल्लांची बर्सा काढून काय होतं ते बघत होता, काही विशेष दिसेना. मग त्याच्या एका मित्राला वर्गात अँटिबॉडी कशी बनते ते दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, त्याने ग्लिकच्या उसन्या घेतल्या, आणि प्रात्यक्षिक फसलं, बर्सा काढलेल्यांत अँटिबॉडीच बनेना! निबंध मोठ्या मासिकाने परत पाठवला, शेवटी १९५६ मध्ये पोल्ट्रीच्या मासिकात छापून आला आणि इम्युनॉलॉजीवाल्यांनी वर्षानुवर्षं वाचलाच नाही. १९६५ मध्ये मॅक्स कूपर वगैरेंनी पुढे नेला. आपल्याला बर्सा नसते, आपल्या बी सेल बोन मॅरोत बनतात, बोनचा पण बी निघाला हे नशीब.

गंबोरोचा व्हायरस नेमक्या त्या बर्सातल्या कोवळ्या बी सेलच खातो. म्हणून नंतरची लस घ्यायला कोणी उरतच नाही.

विदर्भातली_आई
मी मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा ५ वर्षांचा आहे, सिकल सेल एसएस. आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं की त्याची प्लीहा काम करत नाही म्हणून रोज पेनिसिलिन द्या आणि न्यूमोनियाच्या लशी चुकवू नका. पण मॅरो तर आहे ना त्याचा, लिम्फ नोड पण आहेत, मग प्लीहा नसल्याने इतकं काय अडतं? वर कोणी प्लीहेबद्दल फार लिहिलं नाही म्हणून विचारलं.

गल्लीतला_पॅथॉलॉजिस्ट
ताई, माफी कसली, हा मुद्दा आमच्याकडूनच राहिला. वर आम्ही जी लांबलचक गोष्ट सांगितली ती एका जातीच्या बी सेलची, फॉलिक्युलर म्हणतात त्यांना, ज्या टी सेलची मदत घेऊन सावकाश फिटिंग करतात. प्लीहेत दुसरी जात असते, मार्जिनल झोनच्या बी सेल. प्लीहेतून रक्त गाळून जातं त्या काठावरच या बसलेल्या असतात, नाक्यावरच्या पोलिसासारख्या. यांना टी सेलचा शिक्का लागत नाही. रक्तात न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस किंवा हिब असा जंतू आला की त्याच्या अंगावरचं साखरेचं कवच या ओळखतात आणि दोन-तीन दिवसांत आयजीएम (सगळ्यात आधी बनणारा अँटिबॉडीचा प्रकार) सोडायला लागतात. टी सेलना नुसती साखर दाखवता येत नाही, त्यांना प्रथिनाचा तुकडा लागतो, म्हणून कवचवाल्या जंतूंसमोर सावकाशीचा रस्ता तसाही अडतो. सिकलच्या मुलांत वाकड्या पेशी अडकून अडकून प्लीहा लहानपणीच निकामी होते, चाळणीपण गेली आणि नाक्यावरचे पोलीसपण गेले. म्हणून या मुलांना ताप आला की वाट बघायची नसते, त्याच दिवशी दाखवायचं. पेनिसिलिन अजिबात बंद करू नका.

आणि दुसरी गंमत, दोन वर्षांच्या आतल्या सगळ्याच बाळांत हा मार्जिनल झोन कच्चा असतो. म्हणून नुसत्या साखरेची लस तान्ह्या बाळाला लागू पडत नाही.

पुणेरी_पिपेट
यावर काढलेली युक्ती मला इम्युनॉलॉजीतली सगळ्यात देखणी वाटते. साखर एका प्रथिनाला बांधायची, धनुर्वाताचं निर्विष केलेलं टॉक्सॉइड किंवा घटसर्पाचं तसंच काहीतरी. बी सेल साखर ओळखून धरते, पण गिळताना बांधलेलं प्रथिनही गिळते, आणि त्याचे तुकडे टी सेलला दाखवते. टी सेलला वाटतं ही धनुर्वातावर काम करतेय, देते शिक्का, आणि आपली बी सेल साखरेसाठी जर्मिनल सेंटरमध्ये घुसते. शुद्ध वशिला! याला कॉन्जुगेट लस म्हणतात. न्यूमोकोकसची पीसीव्ही तीच, आता सरकारी दवाखान्यात फुकट, ६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने. आमच्या पुण्याच्या सीरमने याच पद्धतीने आफ्रिकेसाठी मेनिंगोकोकस एची लस केली, २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून सुरुवात, अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीला, आणि तिथल्या त्या प्रकारच्या साथी जवळपास थांबल्या. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची दिली तीही कॉन्जुगेटच.

विदर्भातली_आई
बाप्पा, वशिला! हे आता मी विसरणार नाही. त्याचे पीसीव्हीचे डोस झालेत, २३ वाल्या न्यूमोनियाच्या लशीचं डॉक्टरांनी सांगितलंय, या महिन्यात घेतो. धन्यवाद जी.

रक्तपेढी_नाइट_शिफ्ट
एक जात राहिली लोकहो. आमचं पोटच तिच्यावर चालतं. ए गटाच्या माणसाच्या अंगात बीविरुद्ध अँटिबॉडी असते, त्याला आयुष्यात कोणी बी गटाचं रक्त दिलेलं नसताना. का? तर आतड्यातल्या जंतूंवर तशाच साखरा असतात, त्या बघून बाळ काही महिन्यांचं होतं तोवरच ही आयजीएम बनायला लागते. लस नाही, आजार नाही, तरी अँटिबॉडी. उंदरात अशा आयजीएमचं काम बी-१ जातीच्या सेल करतात, माणसात नेमक्या कोणत्या यावर अजून भांडणं आहेत. आणि बॉम्बे ब्लड ग्रुप, जो डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधला, त्या लोकांत एच साखरच (ओ गटाच्या लाल पेशींवरही असते ती) नसते म्हणून एचविरुद्धच अँटिबॉडी असते, त्यांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. रात्री तीन वाजता असा पेशंट आला की मी काय काय फोन फिरवतो ते विचारू नका.

काळजीत_असलेला
आईला रुमॅटॉइड संधिवातासाठी रिटुक्सिमॅब सुरू करायचंय. ते बी सेल मारतं असं वाचलं. मग तिच्या सगळ्या जुन्या लशी धुऊन निघणार का?

गल्लीतला_पॅथॉलॉजिस्ट
नाही, सगळ्या नाही. ते औषध सीडी२० नावाची खूण असलेल्या सेल मारतं. मेमरी सेलवर ती खूण असते, मॅरोतल्या प्लाझ्मा सेलवर नसते, म्हणून जुन्या अँटिबॉडी पुष्कळशा टिकतात. पण औषधानंतर काही महिने नवीन लस जवळजवळ लागू पडत नाही, म्हणून ज्या द्यायच्या त्या शक्यतो चारेक आठवडे आधी उरकून घ्या. आणि या धाग्यावर आहात म्हणून ठळक सांगतो, सुरू करायच्या आधी हेपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, सरफेस अँटिजेन (तेच ऑस्ट्रेलिया अँटिजेन) आणि अँटी-कोर (कधी होऊन गेला का ते सांगणारी टेस्ट) दोन्ही. कधीकाळी होऊन दबलेला व्हायरस या औषधाने उसळू शकतो. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर तुम्ही विचारा.

सुईवाली_ताई
मंडळी, सव्वा महिन्याने परत आले. एकच डोस घेतला, पाचव्या आठवड्यात टायटर केलं. १००० च्या वर!! रिपोर्टवर नुसतं "पेक्षा जास्त" लिहिलंय, मशीन पुढे मोजतच नाही म्हणे. इन्चार्ज सिस्टरना नेऊन दाखवलं, त्या म्हणाल्या बरं झालं, आणि स्वतःचं टायटर करून घेतलं गुपचूप. 🙂

पण एक नवीनच झालंय. माझ्याबरोबर माझ्या मैत्रिणीने पण डोस घेतला होता, तिचेही तीन जुने डोस होतेच. तिचं आधी २ च्या आत होतं आणि आता पण २ च्या आतच. ती घाबरलीये. तिच्या मेमरी सेल मेल्या का?

गल्लीतला_पॅथॉलॉजिस्ट
तुमचं अभिनंदन. पाच आठवड्यांत ६ वरून १००० च्या वर म्हणजे नवीन शिकणं नव्हे, आठवणं.

मैत्रिणीच्या कदाचित बनल्याच नव्हत्या. मोठेपणी लस घेणाऱ्या शंभरातल्या पाच-दहा जणांना पहिल्या तीन डोसांनी काहीच होत नाही. वय, वजन, सिगारेट, डायबेटिस यांनी प्रमाण वाढतं, आणि काहींच्या बाबतीत टी सेलना या प्रथिनाचा तुकडा दाखवणारी व्यवस्थाच जन्मतः जुळत नाही, म्हणजे बी सेल ठीक पण शिक्का देणारं कोणी नाही. तिने उरलेले दोन डोस घेऊन दुसरी सीरिज पुरी करावी, शेवटच्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी टायटर. आणि आधी सरफेस अँटिजेन करून घ्यावं, कारण आधीच व्हायरस अंगात असेल तरीही असंच दिसतं. सहा डोसांनंतरही नाही आलं तर ती नॉनरिस्पॉन्डर, मग पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर तिला लगेच इम्युनोग्लोब्युलिन आणि महिन्याने परत एक, हे तिच्या फाइलला लिहून ठेवा.

सुईवाली_ताई
सांगते तिला. दिवसाला चाळीस जणांना सुया टोचते आणि स्वतःच्या इंजेक्शनला माझा हात धरून बसते, अजून दोन म्हटल्यावर काय करेल बघू. सोमवारी सरफेस अँटिजेनचं सॅम्पल मीच काढते.